विसर्ग म्हणजे काय हो, बाई?

परवा भोसरीहून शाळेला निघाले, तर बस नदीच्या पुलावर अडकली. पुढे कुठल्याशा कंपनीचा कंटेनर वळताना आडवा झाला होता आणि त्याच्या मागे अर्धी चाकणची वाहतूक हॉर्न वाजवत उभी होती. मला खिडकीची जागा मिळालेली. खाली इंद्रायणी, जलपर्णीची हिरवी गोधडी ओढून निवांत पडलेली. वर भाद्रपदातलं लखलखीत ऊन, ज्यात वाळत घातलेली कुरडईसुद्धा तासाभरात कडकडीत व्हावी असं. आणि त्या उन्हात काठच्या रस्त्यानं भोंगा लावलेली एक रिक्षा सावकाश चालली होती. भोंग्यातून एक बाई सांगत होती, "धरणातून पाणी सोडलं आहे. संध्याकाळपर्यंत घाटावरची शेड पाण्याखाली जाईल. खालच्या खोल्यांतल्या सगळ्यांनी दुपारीच वर यावं."

माझ्या शेजारच्या बाई नाक मुरडून म्हणाल्या, "हे काय असं घरातल्यासारखं बोलतात? सरकारी वाटतच नाही."

"कळलं ना पण तुम्हाला?" मी विचारलं.

"कळलं की. न कळायला काय झालं?"

मी खिडकीतून वर आभाळाकडे पाहिलं. पाणी अजून तिकडे मावळात, डोंगरांच्या कुशीत आहे. इथे ढगाचा ठिपका नाही. आणि संध्याकाळी ते कुठल्या शेडपर्यंत येईल हे एका रिक्षेला सकाळीच ठाऊक आहे. आमच्या लहानपणी एवढी पुढची गोष्ट फक्त पंचांगवाले सांगायचे, आणि त्यांचं निम्मं चुकायचं.

मी कुरुळीच्या शाळेत मराठी शिकवते. माझ्या धंद्यात विसर्ग हा एक छोटा आणि चिवट प्राणी आहे. मुलं 'दुःख' लिहितात आणि त्यातला विसर्ग खातात. मी लाल पेनानं दोन टिंबं देते. पुढच्या निबंधात पुन्हा तेच. एकदा वैतागून वर्गात म्हणाले होते, अरे, दुःखातला विसर्ग काढला म्हणून दुःख कमी होतं का? तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, लिहायला तरी कमी लागतं, बाई. कितीतरी वर्षं माझ्यासाठी विसर्ग म्हणजे एवढाच होता, अक्षराच्या पाठीशी उभी असलेली दोन टिंबं आणि तोंडातून हलकेच सुटणारी हवा. त्या दोन टिंबांमागून एक अख्खी नदी येऊ शकते, हे मला त्या एका भाद्रपदानं शिकवलं.

तो भाद्रपद सांगायचा तर आधी इकडची झोप सांगायला हवी. या पट्ट्यात सगळ्यांची रात्र एका वेळी होत नाही. महाळुंग्याच्या कंपन्या तीन शिफ्टमध्ये चालतात, त्यामुळे कुणाची सकाळ ही कुणाची मध्यरात्र असते. मी नवीन होते तेव्हा पालकसभेला दुपारची वेळ द्यायचे आणि वडील का येत नाहीत म्हणून रागवायचे. मग एका आईनं समजावलं, बाई, ते थर्ड शिफ्टला असतात, आत्ता त्यांची गाढ झोप चाललेली असती. खोल्यांच्या रांगांमधून एक रीत पडली आहे. नवरा रात्रपाळी करून झोपला की बायको बाहेर जाताना दाराला बाहेरून कडी घालते आणि कडीला फडक्याची गाठ मारते. फडकं दिसलं की शेजारणी कुकरच्या शिट्टीलासुद्धा घाबरतात, पोरं चेंडू घेऊन पलीकडे जातात, भाजीवाला मुकाट्यानं पुढे सरकतो. इतक्या पातळ पत्र्याच्या भिंती आणि इतका जाड आदर मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

संगीता अशाच एका रांगेत राहायची. माणसं परभणीकडची. तिचा नवरा बालाजी महाळुंग्याच्या एका कारखान्यात, ती पॅकिंगला, आणि त्यांची मुलगी माझ्या वर्गात. कुरुळीहून खाली नदीकडे उतरलं की घाट लागतो, दहाव्या-तेराव्याच्या विधींसाठी बांधलेली पत्र्याची शेड लागते, आणि शेडच्या डाव्या अंगाला, ओढ्याच्या पलीकडे, या खोल्या. मूळ तिथे दामूआबांचं वांग्याचं शेत होतं. कंपन्या आल्या, वांगी गेली आणि खोल्या उगवल्या. आबा म्हणायचे, "वांग्याला कीड लागायची, ह्यास्नी न्हाई लागत."

त्या वर्षी गौरीच्या दिवसांत संगीतानं मला हळदीकुंकवाला बोलावलं. आदल्या दिवशी जमलं नाही, म्हणून मी विसर्जनाच्या दिवशी सकाळीच गेले. तिच्याकडे महालक्ष्म्या उभ्या होत्या, मराठवाड्याच्या थाटात, पितळी मुखवटे, नवी लुगडी, पुढे फराळाचे डोंगर. गावाकडे त्यांचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत राहायचा, पण इथे शेजारणींचं बघून तीही गौरींबरोबरच त्याला पोचवायला लागली होती. हे सगळं तिनं मला कुजबुजत सांगितलं, कारण खोलीच्या दुसऱ्या अंगाला, साडीच्या पडद्यामागे, बालाजी झोपलेला होता. डबल शिफ्ट करून आला होता. त्याच्या घोरण्याला ताल होता. "ढोल वाजला तरी उठायचे न्हाईत बगा," ती कौतुकानं म्हणाली.

आम्ही निघालो. तिनं गणपती पाटावर घेतला, कडी घातली, फडक्याची गाठ मारली. रांगेत अशी आणखी फडकी लटकत होती. ऊन असं पडलं होतं की डोळे उघडवत नव्हते. आठवडाभर इथे पावसाचा थेंब नव्हता.

आता आमच्या नदीची एक गंमत सांगते. ती नदी कमी आणि हद्द जास्त आहे. या काठाला शहर, त्या काठाला गाव. तालुका वेगळा, पोलीस वेगळे, पाण्याचं बिल वेगळं, भोंगा वेगळा. शहराच्या काठावर सूचना देणारी गाडी फिरते, ती शहरापुरती. गावाकडची सूचना गावाकडून यायची, ती त्या दिवशी अजून यायची होती. पण आवाजाला कुठली आली हद्द? शहराच्या काठावरचा भोंगा पाण्यावरून आमच्याकडे आला, वाऱ्यानं अर्धा खाल्लेला. "नागरिकांना सूचित करण्यात येते की... दुपारी विसर्ग... नदीपात्रात..." मधलं सगळं वाऱ्यावर.

"ऐकलं का?" संगीताची शेजारीण म्हणाली. "दुपारी विसर्जन. चला लवकर, नायतर गर्दी व्हती."

आणि बघता बघता खोल्याखोल्यांतून बाया निघाल्या. गुलाल, टाळ, डोक्यावर पाट, कडेवर पोरं. ज्यांचा बेत संध्याकाळचा होता त्यांनीसुद्धा घाई केली. नदीपासून लांब राहा असं सांगणाऱ्या भोंग्यानं माणसं नदीवर बोलावून घेतली होती.

मला तो शब्द बरोबर ऐकू आला होता. एवढी वर्षं लाल पेन उगाच नाही चालवलं. मी म्हटलं, "अगं, विसर्जन नाही, विसर्ग म्हणाले ते."

"विसर्ग म्हणजे काय हो, बाई?" संगीता थांबून म्हणाली. मग तिचा चेहरा उजळला. "तो आठवीतला? दोन टिंबांचा?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण धरणातून पाणी सोडण्यालाही विसर्ग म्हणतात, हे तेव्हा मलाही अर्धवटच ठाऊक होतं. आजही मला हे आठवून नवल वाटतं की दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेत. विसर्ग काय, विसर्जन काय, दोन्हींचा अर्थ सोडून देणं. श्वास सोडा, पाणी सोडा, नाहीतर देवाला पाण्यात सोडा. बायकांचे कान तसे चुकले नव्हतेच. ज्या शब्दानं त्यांना सावध करायचं, त्याच्याच सख्ख्या भावानं त्यांना हाताला धरून घाटावर नेलं.

घाटावर दामूआबा शेडच्या सावलीला बसले होते. मी त्यांना विचारलं, पाणी वाढेल का? त्यांनी आधी आभाळाकडे बघितलं, मग नदीकडे, मग माझ्याकडे.

"न्हाई, बाई. पानी यायचं आसलं की आदी वास येतो. मातीचा. मुंग्या अंडी घिऊन वर चढत्यात. आज काय बी न्हाई. ह्ये बगा, ऊन."

आबा उगीच बोलणारा माणूस नव्हता. सगळं आयुष्य त्यांचं हे गणित बरोबर आलेलं होतं. पण ते गणित पावसाच्या नदीचं होतं. या नदीला आता वर दरवाजे आहेत, आणि ते उघडताना कुणी मुंग्यांना विचारत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. माझे धाकटे दीर, सुहासभाऊजी. पावसाळ्यात त्यांची नेमणूक शहराच्या काठावरच्या पूर नियंत्रण कक्षात असते. चार महिने त्यांच्या डब्यातली पोळी वाळते आणि फोन गरम राहतो.

"वहिनी, कुठे आहात? वर कोसळतोय नुसता. नदीकडे जाऊ नका आज."

"नदीवरच आहे, भाऊजी. घाटावर. आणि माझ्याबरोबर निम्मं गाव आहे."

मग त्यांनी एक आकडा सांगितला. इतके हजार क्युसेक. मी तो मोठ्यानं पुन्हा म्हटला. घाटावर कुणी हललं नाही. खरं तर मीही नाही. क्युसेक म्हणजे किती बादल्या, किती हंडे, किती पुरुष पाणी, मला काय ठाऊक? हजार ऐकलं की माणूस घाबरायला हवा, पण कशाला घाबरायचं हेच त्यात नव्हतं. शिवाय ऊन. उन्हात भीती कशी वाटावी?

संगीतानं पाट खाली ठेवला. "बाई, आकडं राहू द्या. ते पाणी माझ्या उंबऱ्यात येणार का न्हाई, तेवढं इचारा. आत माणूस झोपलाय माझा."

मी विचारलं.

"कुठला उंबरा, वहिनी?"

"कुरुळीच्या खाली. घाटाच्या डावीकडे पत्र्याच्या खोल्या आहेत."

"तो काठ आमच्याकडे येत नाही हो."

"पाण्याला सांगा तसं, भाऊजी."

मग ते म्हणाले, "फोन ठेवू नका."

यानंतर जे झालं ते मला अजूनही पुरतं झेपत नाही. घाटावर उभं राहून मी फोनमधून ऐकत होते. भाऊजी दुसऱ्या फोनवर कुणाला तरी विचारत होते. त्यानं आणखी कुणाला विचारलं. पाटबंधारेवाले, तालुक्याचे, गावचे तलाठी, धरणावरचे. कुणी कुणाचा वरिष्ठ नाही, कुणी कुणाचा पाहुणा नाही. एरवी यांच्यातला एक कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला सण बदलतो. मध्येच भाऊजींनी विचारलं, "शेडच्या मानानं उंबरा किती उंचावर आहे?" मी आबांना विचारलं. आबा उठले, डोळ्यांवर हात धरून खोल्यांकडे बघत म्हणाले, "शेडच्या पत्र्याच्या बरोबरीला खोल्यांची पयली पायरी. व्हय. बांधताना म्याच दोरी धरलीया." मी ते फोनमध्ये सांगितलं. भाऊजींनी पुढे सांगितलं. पायरीचा तो निरोप मी ऐकत असताना नदीच्या उलट दिशेनं, मावळापर्यंत चढत गेला.

हवामान बदलतंय म्हणून जगात कुठे कुठे परिषदा भरतात. काचेच्या इमारती, टेबलावर छोटे झेंडे, पाण्याच्या बाटल्या. मी ते टीव्हीवर बघते आणि भाजी निवडत राहते. भाऊजी सांगतात, पूर्वी महिनाभर रिमझिमणारा पाऊस आता कधी कधी दोन दिवसांत सगळा शिधा एकदम टाकून जातो. धरणांना दम खायला वेळ मिळत नाही. हे सगळं खरंच असणार. नकाशे, उपग्रह, धोरणं, सगळं हवंच. पण त्या सगळ्याची शेवटची पायरी एका पत्र्याच्या खोलीचा उंबरा असते, आणि त्या उंबऱ्यातून कुणीतरी विचारावं लागतं की पाणी आत येणार का? त्या दिवशी तो प्रश्न वरपर्यंत गेला. आणि त्याचं उत्तर पाण्याच्या आधी खाली उतरलं. मी देवळात जाते तेव्हा हात जोडते, पण इतकी थक्क कधी होत नाही.

"वहिनी, ऐका," भाऊजी म्हणाले. "सकाळी सोडलेलं पाणी दुपारपर्यंत शेडच्या पत्र्याला लागेल. पुढचा टप्पा सोडला की उंबऱ्याच्या आत. आणि तो सोडावाच लागणार आहे, धरण भरलंय."

मी घाटाकडे वळून एवढंच म्हटलं, "शेड बुडणार आहे. आज दुपारी."

आकडा ऐकून न हललेला घाट त्या पाच शब्दांनी हलला. शेड सगळ्यांना ठाऊक होती. तिच्याखाली प्रत्येकीनं कुणाचा तरी दहावा बघितलेला. दामूआबांनी आभाळाकडे बघितलंच नाही. "शेड बुडली तर वड्यात पानी उलटं चढनार," ते म्हणाले. "खोल्यांस्नी जायाची वाटच ऱ्हात न्हाई. पयलं झोपलेली उठवा."

मग आम्ही पळालो. माझ्यासारखी बाई, पैठणी नेसून, हातात नारळ घेऊन, ओढ्यातल्या फरशीवरून पळाली. फडक्याच्या गाठी दिसतील ती ती दारं. ज्या फडक्यांना बघून एरवी सगळे दबक्या पावलांनी जायचे, त्यांच्यावर आता मुठी पडत होत्या. गाठी घट्ट मारलेल्या, घाईत सुटेनात. एका बाईनं आपली गाठ दातानं सोडवली. "उठा हो, पाणी आलं." आणि दारादारांतून पुरुष बाहेर आले, बनियनवर, लुंगीवर, एका डोळ्यानं उन्हाकडे बघत. इतकं ऊन असताना पाणी आलं म्हणतात म्हणजे आपण अजून झोपेतच आहोत, असा प्रत्येकाचा चेहरा. एकानं विचारलं, "नळाला?"

बालाजी खरोखरच उठेना. संगीतानं हाका मारल्या, हलवलं, शेवटी तांब्याभर पाणी तोंडावर ओतलं. तो दचकून बसला आणि म्हणाला, "आलं का पाणी?" त्याही घाईत मला हसू आलं. मग त्यानं गॅसची टाकी खांद्यावर घेतली, संगीतानं महालक्ष्म्यांचे मुखवटे लुगड्यात गुंडाळले, आणि सगळी रांग ओढा ओलांडून वरच्या रस्त्यावर आली. कुणाच्या हातात टीव्ही, कुणाच्या डोक्यावर गादी, आणि मधे मधे पाटांवर बसलेले गणपती, आपण कुठे चाललोय याची चौकशी न करणारे.

पाणी आलं ते आवाज न करता. मला वाटायचं पूर म्हणजे गर्जना. इथे आधी फक्त ओढ्यातली जलपर्णी हलली. हिरवी गोधडी सावकाश सरकू लागली, पण उलटी, नदीकडून खोल्यांकडे. एवढंच. मग घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. कुणी ढकलत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं, वर ऊन तसंच, आणि नदी आपली रुंद होत होती, जशी दुधाची कढई बघता बघता काठाशी येते. पाण्याचा रंग तांबडा झाला. त्यात मुळांसकट उपटलेलं झाड, एक निळं पिंप, थर्माकोलचं मखर, कुणाच्या तरी शेताचं कुंपण. आपल्याला कधीही न दिसलेला तिकडचा पाऊस असा वस्तूवस्तूंनी समोरून जात होता. ज्या फरशीवरून आम्ही पळालो होतो, ती बुडाली. शेडच्या खांबांना पाणी लागलं आणि ती शेड पाण्यावर ठेवलेल्या टेबलासारखी दिसू लागली. मला भीती वाटायला हवी होती. वाटत होतं ते मात्र वेगळं होतं. एवढी मोठी गोष्ट आपल्या इतक्या जवळून जाते आणि आपण केवढेसे आहोत, असं काहीसं. दामूआबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. "उन्हात आलं," ते एवढंच म्हणाले, स्वतःशी.

गणपतींचं काय करायचं यावर रस्त्यावर थोडी चर्चा झाली. उत्तरपूजा झालेली, ठेवता येत नाही. शेवटी आबांनी आपल्या घरातलं, कंपनीतून आणलेलं एक निळं पिंप धुऊन भरून दिलं. कुणीतरी म्हणालं, "आज नदीच वर यायला लागलीया, बाप्पाला खाली कशापायी न्यायचं?" सगळे हसले, आणि तिथेच रस्त्यावर आरती झाली.

पुढे त्या सूचनेचा मजकूर बदलायला बैठक भरली. भाऊजींच्या खटपटीनं दोन्ही काठांची माणसं एका टेबलाभोवती बसली, हेच मोठं. मला मराठीची बाई म्हणून बोलावलं होतं, आणि मी हट्टानं संगीताला नेलं. एक साहेब म्हणाले, विसर्ग हा अधिकृत शब्द आहे. मी म्हटलं, साहेब, मी तो शिकवते, तुमच्यापेक्षा माझा जास्त जवळचा आहे, तरी काढा. मग एकेक वाक्य वाचायचं आणि संगीताला विचारायचं, काय कळलं? 'सखल भागातील' म्हटल्यावर ती म्हणाली, सकाळच्या भागात म्हणजे सकाळी का? 'निळी रेषा' आली, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ती नकाशावरची खूण, तेव्हा मात्र मीच गोंधळले. मला ती मेट्रोची वाटली होती. सगळे इतके हसले की चहा परत मागवावा लागला. शेवटी दोन्ही काठांना एकच मजकूर ठरला. त्यात शेड आली, घाट आला, मारुतीचं देऊळ आलं, आणि गाडी दुपारी फिरली तर रात्रपाळीच्या खोल्यांची दारं वाजवायची, हेही आलं.

संगीता आता कुरुळीत वर, रस्त्याकडेच्या इमारतीत राहते. खालच्या त्या खोल्या पूर ओसरल्यावर पुन्हा भरल्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या माणसांनी. परवा बसमधून भोंगा ऐकला तेव्हा त्याच खोल्यांची दारं मला डोळ्यांपुढे दिसली. दरवर्षी माणसं बदलतात, म्हणून सूचना दरवर्षी नव्यानं कळावी लागते. हे काम एकदा करून संपत नाही.

पण त्या दिवसातली एक गोष्ट मी अजून सांगितली नाही.

शेडच्या पत्र्याला पाणी लागलं होतं आणि आम्ही रस्त्यावर उभे होतो, तेव्हा भाऊजींचा पुन्हा फोन आला. म्हणाले, "वहिनी, धरणावरचे विचारताहेत. मी दोन्ही फोन एकमेकांजवळ ठेवतो. तुम्हीच बोला." आणि माझ्या हातातल्या फोनमध्ये पाऊस कोसळायला लागला. खरोखरचा पाऊस, पत्र्यावर, लोखंडावर, दगडावर आपटणारा. हाताला ऊन लागत होतं आणि कानाशी तो पाऊस होता, जो थोड्या वेळानं नदी होऊन माझ्यासमोरून जाणार होता. त्या पावसातून एक माणूस ओरडून बोलत होता. कोण, कसा, आजपर्यंत मला माहीत नाही. दरवाजे आणखी उचलून पुढचा टप्पा सोडायचा होता. पाणी खाली पोचायला वेळ लागतो, पण एकदा सुटलं की परत बोलावता येत नाही, म्हणून तो आधी विचारत होता.

"खाली कुणी झोपलेले होते म्हणे," तो ओरडला. "ते उठले का?"

मी फोन बालाजीकडे दिला. तो गॅसच्या टाकीवर बसला होता, केस अजून ओले. त्यानं एका कानात बोट घालून ऐकलं, मग रांगेतल्या एकेका माणसाकडे नजर फिरवली, सगळे आहेत ना बघत.

"हाव साहेब," तो म्हणाला. "उठलाव आमी समदे. सोडा तुमी पाणी."

मग तो माणूस तोंड फिरवून कुणाला तरी म्हणाला, "उठले रे सगळे. उचल आता."